कोरा जिताडा

कळंबोलीच्या लोखंडबाजारामागे एक खासगी प्रयोगशाळा आहे. तिथं आशालता सात वर्षं माशांचा लगदा करतेय. खायला नाही हो, तपासायला! तळ्यातल्या माशांना रोग पडला की लोक कडुलिंब घालतात, लसूण घालतात. झाडपाल्याचं औषध, त्याला काय होतंय, असं म्हणणं सोपं असतं. पण त्यातलं मांसात किती उरलं, ते आशालताचं यंत्रच सांगतं.

या यंत्राला आधी एक कोरा मासा दाखवावा लागतो, जन्मात कसलंच औषध न लागलेला. त्याच्यावरून बाकीच्यांचं माप. असा कोरा जिताडा मासा उरणच्या खाडीकाठच्या गंगाबाई आपल्या तळ्यातून आणायच्या, दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, बर्फाच्या डब्यातून, एसटीनं.

आशालताचं वय शेहेचाळीस. आई गेल्यापासून करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच. शेजारी लिफ्टमध्ये मान हलवतात, तेवढाच शेजार. कामावर जो तो कानात बोंडं खुपसून बसलेला. खरं सांगायचं तर महिन्याभरात तिच्याशी मनापासून बोलणारं माणूस एकच, गंगाबाई. पावती लिहायला पाच मिनिटं पुरतात, या दोघी तास घालवायच्या.

"बाय, किती वाललीस गो! येकदा घरी ये, जिताडा रांदते."

"नियम आहे हो, गंगाबाई. नमुना देणाऱ्याच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही."

"कसला मेला नियम!" असं म्हणून गंगाबाई डबा उचलायच्या. सात वर्षं हेच. आशालता नियमाला अशी पक्की, की ज्या माशाचा लगदा केला त्याची चव कशी, हे तिला ठाऊकच नाही.

फेब्रुवारीत घोटाळा झाला. यंत्रावर कोऱ्या माशाची रेघ सपाट हवी, त्या रेघेनंच मधे डोकं वर काढलं. कडुलिंब! आशालतानं भांडी पुन्हा धुतली, तीनदा तपासलं. तरी तेच. शेवटी फोन लावला.

"तळ्यात काही घातलंत?"

"पाला घातला दोन पाट्या. उवा पडल्या व्हत्या, मासं बांधाला आंग घासत व्हतं."

"अहो, मला विचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर तू नको म्हनली असतीस. आनि मासं मेलं असतं तर मी कंच्या कारनानं आले असते तुज्याकडं?"

आशालतानं फोन ठेवला. फ्रीजरमध्ये मागच्या महिन्याच्या कोऱ्या माशाचा तुकडा पडला होता. तो वापरून आजचा म्हणून लिहिला असता तर कुणाला कळणार होतं? तिचे साहेब, कुमार सर, कागद न वाचता सही ठोकतात. पण तळ्यात पाला पडला होता, पुढच्या महिन्याचा मासाही कोरा नसणार. त्या मापानं सगळ्यांचेच मासे आहेत त्याहून चांगले दिसणार, आणि ते कुणाच्या तरी पोरांच्या ताटात जाणार. तिनं डोळे पुसत लिहिलं, 'नमुना बाद. पुरवठा बंद.' कुमार सरांनी सही केली आणि म्हणाले, "ठीक, दुसरा बघू."

मार्चचा पहिला बुधवार उजाडला. कुरिअरवाला नव्या कोऱ्या माशाचा थर्माकोलचा खोका घेऊन आला. सही घ्यायला त्याला अर्धं मिनिटही लागलं नाही. आशालतानं दोन कप चहा केला, मग लक्षात आलं, दुसरा कुणासाठी? ती जिन्यात जाऊन एकटीच रडली. रडता रडता तिच्या डोक्यात आलं, आता गंगाबाई नमुना देणाऱ्या उरल्याच कुठं? मग नियम कसला पाळत बसलीय ती?

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिनं उरणची एसटी धरली.

गंगाबाई बांधावर बसल्या होत्या. तिला पाहून दचकून उठल्या. "आता काय र्‍हायलं गो, बाय? दंड लावला काय?"

"नाही. जेवायला आलेय."

गंगाबाईंनी पाण्याची बादली पुढं सरकवली. मग म्हणाल्या, "पाय धू." त्याच तळ्यातला जिताडा त्यांनी काढला, साफ केला, चुलीवर कालवण चढवलं. परेश, त्यांचा एकुलता एक मुलगा, बंदरातल्या नोकरीपायी चार वर्षांपूर्वी बायकोला घेऊन कामोठ्याला गेला होता, हे आशालताला तेव्हा कळलं. सात वर्षं ती स्वतःचंच सांगत बसली होती, त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

कालवण झालं. गंगाबाईंनी चुलीजवळचं आपलं ताट आशालतासमोर ठेवलं. स्वतःसाठी त्यांना पाटावर चढून फळीवरून दुसरं शोधावं लागलं, आणि त्यावरची धूळ दोनदा धुवावी लागली.