न उमटणारा अंगठा

आबांचा अंगठा हजेरीच्या मशीनला उमटायचा नाही. तीस वर्षं गोळ्यांच्या मशीनवर गोळी दाबणारे पोलादी पंच, म्हणजे ठसे, पुसून पुसून अंगठ्यावरच्या रेषाच गेल्या होत्या. मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणायचं आणि आबा हसायचे. "हिच्या लेखी मी आलोच न्हाय." मग वॉचमनमामा फक्त आबांसाठी ठेवलेली वही पुढे सरकवायचे.

मी इंदापूरहून एसटीनं येऊन बारामतीच्या त्या औषध कारखान्यात गोळ्या तपासायचे. आबा कन्हेरीचे. आमच्या गोळीवर एक अक्षर कोरलेलं असे. पावडरीत जरा ओल राहिली की ती पंचाला चिकटते, आधी अक्षराच्या पोटात बसते आणि मग गोळीवर अक्षर अर्धवट उमटतं. मला ते भिंगातून दिसायचं. आबांना त्याआधीच कळायचं. मशीनच्या काचेच्या दारावर तळहात ठेवून ते डोळे मिटायचे आणि "धरलं बगा" म्हणून मशीन बंद करायचे. माझ्या हातातल्या गोळ्या सगळ्या धडधाकट असायच्या. पण पंच काढला की त्यावर पिठाचा पुसट पापुद्रा असायचाच. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची.

त्यांची एक खोड मात्र कुठल्याच नियमात बसत नव्हती. पंच बसवण्याआधी हातमोजा काढून ते प्रत्येकाच्या तोंडावरून उघडा अंगठा फिरवत, मग स्पिरिटनं पुसत. मी नवी, नियम अंगात भिनलेले. वर लिहून देईन म्हणून दम भरला.

"लिवा की म्याडम. पर माजी कारभारीण छातीसाठी रोज हीच गोळी घेतीया. पंचानं अक्षर खाल्लं म्हंजी तेवढं औषद खाल्लं."

मी लिहिलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबा झोपेतच गेले. मी भेटायला कन्हेरीला गेले तेव्हा त्यांच्या कारभारीण आक्का उंबऱ्यात बसून गोळी उजेडाला धरून बघत होत्या.

"हे रोज गोळी बगून द्यायचे," त्या म्हणाल्या. "आता तू बगशील न्हवं?"

मी हो म्हणून बसले. आबांच्या मागे पंच बसवायचं कामही माझ्याकडे आलं होतं. तेव्हापासून मीही पंच बसवताना गुपचूप हातमोजा काढून अंगठा फिरवू लागले.

परवा दुपारी त्याच गोळीची बॅच चालू होती. वजन बरोबर, अक्षर स्वच्छ. जाता जाता काचेवर तळहात टेकला आणि अंगठ्यातून गार मुंगी धावली. मी मशीन थांबवलं. सुपरवायझर खवळले, "कशासाठी?"

"धरलंय," एवढंच तोंडातून गेलं. आवाज माझाच होता, निदान मला तसं वाटलं.

पंच काढला. अक्षराच्या पोटात पांढरा पापुद्रा होता. सुपरवायझर बाजूला झाले. आक्कांना दिलेला शब्द त्या दिवशी पाळला गेला. पण कुणाच्या हातून, ते मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी निघताना हजेरीचं मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. ओढणीला पुसून चारदा अंगठा लावला. वॉचमनमामांनी वर पाहिलंसुद्धा नाही. सवयीनं ती जुनी वही उघडली आणि पुढे सरकवली. "ह्यात लिवा, ताई."

शेवटची सही आबांची होती. तिच्याखाली मी माझं नाव लिहिलं. वरची शाई ताजी दिसत होती. बोट लावून बघायचा धीर मला झाला नाही.