सरांच्या आवाजातली परवानगी

“मॅडम, यादी बदलायचं बटण त्या सेंटरला उघडलं कुणी?” पुण्याहून आलेले आमच्या कंपनीचे सर सुजाताताईच्या टेबलापाशी उभे होते.

“तुम्हीच सर. काल फोनवर सांगितलंत.”

सरांनी फोन केलाच न्हवता. तो मी केला होता. खालच्या एसटीडी बूथवरनं, सरांच्या आवाजात.

आमचं ऑफिस दौंडला. एका साखर कारखान्याची वेबसाइट आम्ही सांभाळायचो. कुणाचा ऊस कवा तोडायचा, ती यादी तिच्यावर. कारखान्याच्या गावोगावच्या सेंटरला एकेक लॉगिन. लॉगिन म्हंजी किल्ली, पण तिनं सगळ्या खोल्या उघडत न्हाईत. सेंटरनं यादी नुसती बघायची. बदलायचा राइट फक्त हेड ऑफिसला. कुणाला काय उघडायचं ते सर फोनवर सांगणार, ताई टिक करणार. कागद न्हाई, मेल न्हाई. आवाज ओळखला की झालं.

नकलांपायी मी शिरूरच्या शाळेत मार खाल्लेला. सरांचं घोगरं “हं, मॅडम” मी डब्याच्या वेळी रोज काढायचो आन् ताईच सगळ्यात जास्त हसायची. म्हटलं, फसती का बघू. घोड नदीकाठच्या एका सेंटरला सगळे राइट्स द्या म्हणालो. ती “व्हय सर” म्हणाली. हसत वर निघालो तर जिन्यात कारखान्याचा माणूस भेटला. प्रिंटर बिघडलाय म्हणून गाडीवर बसवून घेऊन गेला. गंमत सांगायची राहिली.

संध्याकाळपर्यंत सेंटरवाल्यानं आपल्या माणसांचा ऊस यादीत वर घेतला. सकाळी तोडणीच्या टोळ्या भलत्याच शेतात उतरल्या.

“सर, फोन मी केला होता,” मी म्हणालो.

“मैत्री घरी ठेव, तिला वाचवू नकोस. लॉगमध्ये नाव कुणाचंय?”

लॉग म्हंजी कुणी काय केलं त्याची कॉम्प्युटरनं ठेवलेली नोंद. नाव ताईचंच होतं. आवाज काढून दाखवतो म्हटलं. “हं, मॅडम...” निघाला तो माझाच आवाज, रडका.

“झालं?” सर म्हणाले.

ताई तिच्या घरातली नोकरीला लागलेली पहिलीच. पाटसहून रोज एसटीनं यायची. ती एवढंच म्हणाली, “मला काल एक फोन करायचास रे. लगेच बंद केलं असतं.”

कारखान्याला कुणाला तरी काढलेलं बघायचं होतं. सरांनी ताईला काढलं. मी राहिलो, कारण प्रोग्राम मलाच येत होता.

परवानगी आवाजावर घेऊ न्हाई, एवढं शिकलो. दोन दिवसांत नवीन पान बनवलं. सरांनी स्वतःच्या पासवर्डनं मंजूर केल्याबिगर आता काहीच उघडत न्हाई, बंदही होत न्हाई. पान झकास चाललं. सरांनी त्यावर पहिली मंजुरी दिली ती सुजाताताईचं लॉगिन बंद करायची. बटण मी दाबलं.