चोरखमाऱ्याचा कलहंस

ही फजिती मी आपणहून सांगतोय, कारण दुसऱ्या कोणाकडून ऐकलीत तर ती याहून वाईट निघेल.

मी फुलचूरचा, गणिताचा निवृत्त मास्तर. निवृत्तीला मुलीनं दुर्बीण दिली आणि सोबत एक व्हिडिओ दाखवला. स्कॉटलंडच्या कुठल्याशा ओसाड बेटावर, वसंत ऋतूत, माणसं गार वाऱ्यात पोटावर पडून पक्षी बघत होती. मला ते फार पटलं. सहा महिन्यांत मी पक्षितज्ज्ञ झालो. म्हणजे, पक्ष्यांचं पुस्तक होतं माझ्याकडे.

मार्च संपत आला होता. चोरखमाऱ्याच्या तलावावरचे हिवाळी पाहुणे केव्हाच उत्तरेला निघून गेले होते. अन् एका सकाळी काठच्या गवतात मला कलहंस, म्हणजे हिवाळ्यात परदेशातून येणारा रानहंस, दिसला. एकटाच. राखाडी अंग, नारिंगी चोच, अगदी पुस्तकातल्यासारखा. उजव्या पायात काहीतरी लाल.

आता तुम्हीच सांगा, परदेशी पक्ष्याच्या पायात लाल काही असलं तर ते काय असणार? शास्त्रज्ञांनी अडकवलेली रिंग. मी लगेच पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं की चोरखमाऱ्याला कलहंस थांबलाय, पायात रिंग आहे, बहुधा मंगोलियाचा. मंगोलिया मी कुठून आणला, ते मला विचारू नका.

दोन दिवस नुसती अभिनंदनं. बायकोनं तर शेजारच्या घरी पेढेही नेऊन दिले. तिसऱ्या दिवशी पहाटे नागपूरहून भालेराव सर आले. चाळीस वर्षं पक्षी बघणारा माणूस. तीन पायांवरची मोठी दुर्बीण आणली होती, कारण त्यांना रिंगेवरचा नंबर वाचायचा होता.

मी त्यांना स्कॉटलंडच्या पद्धतीनं चिखलात पोटावर झोपवलं. सरांचं वय एकाहत्तर. कलहंस समोर चरत होता. सर दुर्बिणीतून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, भारावले.

तेवढ्यात मागून एक बाई आल्या. हातात टोपली, डोक्यावर पदर. आम्हा दोघांकडे बघत उभ्या राहिल्या.

"काऊन जी, असे चिखलात कायले पडून राहिले? बरं नाही वाटत का?"

मी बोटानंच गप्प राहायची खूण केली. बाईंनी टोपली खाली ठेवली आणि तळ्याकडे तोंड करून हाक मारली, "ये वो चिंगे."

मंगोलियाच्या कलहंसानं मान वर केली आणि तुरुतुरु चालत बाईंच्या पायाशी येऊन उभा राहिला.

सर हळूच उठून बसले. अंगावरचा चिखल झटकत त्यांनी अगदी अदबीनं विचारलं की पायात लाल आहे, ते काय?

"माह्या जुन्या लुगड्याचा काठ होय जी. बदक हरवते म्हणून बांधला."

सरांनी मान डोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं ते बाईंनी. बदक काखेत घेतलं, मला नीट न्याहाळलं आणि सरांना म्हणाल्या,

"चार दिसांपासून शोधून राहिली मी इले. परवा याच भाऊले इचारलं, माहं बदक दिसलं का म्हणून. डोळ्याची दुर्बीण न काढता नाही म्हणाले. अन् वरून मलेच म्हणाले, बाई, जरा बाजूले सरा, हंस दिसून नाही राहिला."

म्हणालो होतो.