आक्काच्या अंगातली धग

गुंजवण्याच्या धरणात आक्काची भातखाचरं गेली आणि ती भोरला माझ्याकडे राहायला आली. आक्का माझी थोरली बहीण. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मी इथल्या शाळेत शिकवते, एकटीच असते. ती आली आणि संध्याकाळी दार उघडायला घरात कुणीतरी असायला लागलं.

पण माझ्या दोन खोल्यांत तिला काम नव्हतं. माझा डबा भरून झाला की ती गॅलरीत बसून रस्ता बघायची. हळूहळू तिचे ब्लाउज उसवून घ्यावे लागले. शेजारणी म्हणायच्या, "भोर मानवलं हो आक्कांना." मग गुडघे धरले, दिवसभर ग्लानी यायला लागली आणि पायाला लागलेली ठेच काही केल्या भरेना.

तपासलं तर साखर वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "आक्का, पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नाही. ती रक्तातून निरोप पाठवते."

"चरबी बोलती व्हय? काय म्हंती?"

"एका निरोपानं मेंदूला कळवते, साठा पुरेसा आहे, भूक आवर. दुसरा निरोप अंगातला दाह शांत ठेवतो आणि इन्सुलिनला मदत करतो. चरबी फार वाढली की हा दुसरा कमी पडतो. पहिला भरपूर येतो, पण मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. वर फुगलेल्या पेशी दाह वाढवणारे निरोप सोडतात. ताप दिसत नाही, पण आत मंद धग चालू राहते. त्यात इन्सुलिनचंही शरीर ऐकत नाही, साखर रक्तातच राहते."

जिना उतरताना आक्का म्हणाली, "अंगात येवडी बोलाचाली, अन् मला वाटलं म्या गप बसलीया."

औषधं सुरू झाली, भात कमी केला. जखम भरल्यावर मी तिला फिरायला नेऊ लागले. ती गल्लीच्या टोकाशी थांबायची. "नुसतं जायचं अन् माघारी यायचं, ह्याला काय चालनं म्हंत्यात? कुणाकडं जायचं हितं?"

त्या वर्षी तिच्या नणंदेचा वेल्ह्याच्या वरच्या वाडीतून फोन आला, भाताच्या लावणीला माणूस मिळत नाही. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या. आक्का गोळ्या घेऊन गेली, ती लावणी संपल्यावरही तिथंच राहिली. भातातलं तण काढायची बेणणी, गुरं, बाजाराला वेल्ह्यापर्यंत पायी.

दिवाळीत ती तपासायला आली. पोट उतरलं होतं, साखरही. "औषध मनानं सोडू नका," एवढं बजावून डॉक्टरीणबाई हसल्या. मी तिची गादी उन्हात घालून ठेवली होती.

"आगं, उद्याच्या यस्टीनं जाते म्या. भात काढायला आलंय."

'राहा' म्हणणार होते. पण ती आरशासमोर उभी राहून सैल झालेला ब्लाउज चिमटीत धरून बघत होती, आणि तसं खुदकन हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. मी तिला लाडू बांधून द्यायला आत गेले.

आता सुट्टीला मीच वेल्ह्याला जाते. ती स्टँडवर घ्यायला येते, भरभर पुढं चालते, मी धापा टाकत मागं. संध्याकाळी परतीची गाडी सुटते तेव्हा मी खिडकीतून बघत राहते. तोरण्याच्या सावलीत तिची साडी पाऊलवाटेनं वर वर जात असते. ती मागं वळत नाही; गुरांची वेळ झालेली असते.