आरोपी रणधीर, हाजिर हो!

नव्वदच्या दशकात कुंपणाच्या भिंतीवरून शेजाऱ्याशी माझा दावा चालू होता. द्वारका चौकातून रिक्षा करून कोर्टात जायचं, बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन घरी यायचं. त्या बाकावरच मला कोर्टाचा एक शिपाई भेटला. दारात उभं राहून नावांचा पुकारा करायचा हे त्याचं काम. उरलेल्या वेळात तो खून-खटल्याच्या कादंबऱ्या वाचायचा.

"आत एवढे खटले चालतात, मग हे कशाला?" मी एकदा विचारलं.

"आत साक्षीदाराला घाम फुटतो तो पंखा बंद पडल्यावर," थुंकी लावून पान उलटत तो म्हणाला. "इथं बघा, प्रश्नागणिक फुटतोय!"

मग मीही त्याच्या खांद्यावरून वाचू लागलो. एके दिवशी कादंबरीतला आरोपी रणधीर आता कबुली देणार, इतक्यात आतून घंटी वाजली. पुस्तकावरची नजर न काढता शिपाई ओरडला, "आरोपी रणधीर, हाजिर होऽऽ!" रिवाजाप्रमाणे तीनदा ओरडला. कोण येणार? आत एक वकील सवयीने उठून म्हणाले, "आरोपी आजारी आहे, पुढची तारीख मिळावी."

मिळाली.

शिपायाने पुस्तक मिटून काखेत मारलं.

"अहो, दोनच पानं राहिलीत!" मी कळवळलो.

"तारीख पडली ना साहेब. आता वाचलं तर कोर्टाचा अवमान होईल."

माझ्या दाव्यात ढिगानं तारखा पडल्या, पण जिवाला लागली ती रणधीरची.