बिनडोळ्यांच्या ग्रहावरचं एक वाक्य

वहिनींचा फोन आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होते. "दादा गेले गं," एवढंच त्या म्हणाल्या. विज्ञानकथा लिहिणारे आमचे मधुकरदादा गेले, आणि माझ्या मनात पहिला विचार काय यावा? त्यांच्या शेवटच्या कादंबरीतलं एक वाक्य दुरुस्त व्हायचं राहिलंय! माझी मलाच लाज वाटली. दादा मात्र हे ऐकून खूश झाले असते...

आमची ओळखच चुकीवरून झाली. मी डोंबिवलीच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. त्यांच्या एका कथेतल्या प्राण्याचं रक्त तिथल्या थंडीत गोठेल, असं मी आगाऊपणे पत्रानं कळवलं. चार दिवसांत फोन. "ठाकुर्लीला या, बाकीच्या चुकाही काढा." तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक हस्तलिखिताची पहिली वाचक मी.

शेवटच्या कादंबरीतले त्यांचे परग्रहवासी दाट खाऱ्या पाण्यात उभे असत. गोल देह, डोळे नाहीत, पाठपोट नाही. कोण आलं, कोण रागावलंय, सारं पाण्याच्या थरथरीतून पायांना कळायचं. गुपचूप येणंच अशक्य, म्हणून त्या जगात चोरी नव्हती, दारं नव्हती. 'एकटा' हा शब्द फक्त कोरड्या जमिनीवर गेलेल्यासाठी होता. वाचताना मी अक्षरशः थक्क व्हायचे. हे सुचतं कुठून, असं विचारलं की बाळकुमच्या मिठागरात राबलेल्या वडिलांची गोष्ट सांगायचे. पाणी मिठाला आलंय का, हे लहानगे दादा वाकून बघत, तेव्हा वडील ओरडत, "डोल्यांनी काय बघतंस? पायाला इचार!" त्या एका ओरडण्यातून या माणसानं अख्खा ग्रह उभा केला. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

त्या कादंबरीत नायिका पाणी सोडून कायमची जमिनीवर जाते. निरोपाच्या प्रसंगी दादांनी लिहिलं होतं, 'तिने मागे वळून पाहिलं.' इस्पितळात त्यांच्या उशाशी बसून मी म्हटलं, "दादा, तिला डोळे नाहीत आणि पाठही नाही. एका वाक्यात दोन चुका!" ते इतके हसले की नर्स धावत आली. मग हळूच म्हणाले, "आजारपणात मीच शिरलो गं तिच्यात... खोड ते. ती काय करेल, ते तू लिही."

मी? मला चुका काढता येतात, लिहिता कुठे येतं! प्रकाशक खोळंबले होते आणि दीड महिना ती ओळ कोरीच होती. नाही जमलं तर दादांचं शेवटचं पुस्तक माझ्यामुळे अधू राहणार, या विचारानं मी धास्तावले होते.

परवा ठाकुर्लीला गेले. दादांच्या खोलीत पाऊल टाकलं तर एक फरशी खडखडली. वहिनी स्वयंपाकघरातून लगबगीनं आल्या आणि मला बघून थबकल्या.

"फेऱ्या मारत लिहायचे ना," त्या म्हणाल्या. "फरशी वाजत राहिली की कळायचं, गाडी अडलीय. थांबली की मी चहा टाकायचे."

"मिस्त्रीला बोलावू का, वहिनी?"

"नको गं."

आणि त्या अनवाणी पायांनी त्या फरशीवर येऊन उभ्या राहिल्या. मी दादांच्या टेबलाशी बसले, पिशवीतून तो कागद काढला आणि कोऱ्या जागेत लिहिलं, 'शेवटचं पाऊल पाण्यातून उचलायला तिने फार वेळ लावला.'