उत्तर येईपर्यंत

गेल्या महिन्यात एका सकाळी ओट्यावर पाटी उतरल्याचा आवाज आला, म्हणून मी दार उघडलं. वेसाव्याच्या चांगुणाबाईंच्या जागी त्यांची सून उभी होती. "आई गेली, भाऊ. सोमवारी. तुमच्या सुमीबायला सांगा," एवढंच ती म्हणाली आणि पाटीवरचं फडकं सारखं करत राहिली. मासे घ्यायचं भान मला राहिलं नाही, तिनंही विचारलं नाही...

चांगुणाबाई आमच्या नात्यातल्या नव्हत्या. अंधेरीच्या आमच्या बैठ्या चाळीत पंधरा वर्षं त्या मासळी घेऊन येत होत्या. तरीही त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, कारण माझ्या मुलीशी पहिल्यांदा बोललेलं माणूस ते. आम्ही आईबाप तिच्याविषयी बोलत होतो.

सुमनच्या जन्माच्या वेळी तिचा श्वास बराच वेळ कोंडला आणि मेंदूला इजा झाली. चार वर्षांची झाली तरी मान नीट धरत नव्हती. हातपाय आखडलेले, तोंडातून लाळ, आणि आवाज म्हणाल तर एक लांब, घशातला सूर. एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हिला समज येईल अशी आशा ठेवू नका. मी शिकलेला, कचेरीत नोकरी करणारा माणूस. डॉक्टरांचं म्हणणं मी लगेच मान्य केलं. खरं सांगायचं तर मान्य करणं सोयीचंही होतं.

चांगुणाबाईंनी ते मान्य केलं नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, कोणाच्या हातून होते याला कोळणी फार जपतात. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आजपासून या चाळीतली माझी भवानी सुमी करणार. आईच्या मांडीवरच्या सुमनसमोर त्यांनी एका हातात बोंबील, दुसऱ्या हातात मांदेली धरली. "सांग गो बाय, कंचा घेऊ?" आणि मग त्या थांबल्या. मी माणसांना थांबताना पुष्कळ पाहिलं आहे, पण तसं नाही. चुटकी नाही, लाडीगोडी नाही, "सांग ना" नाही. माशा वारत, तोंडातलं पान चघळत, तिच्या डोळ्यांकडे बघत नुसत्या बसल्या. माझ्या बायकोला राहवलं नाही. "बोंबीलच द्या हो," ती म्हणाली. "थांबा वयनी. इचारलंय मी तिला, तुमाला नाय." शेजारच्या काकू ताटली घेऊन खोळंबल्या होत्या. "अगं चांगुणे, तोवर नासतील ते बोंबील." "नासूं दे. माजे हायेत." आणि पुष्कळ वेळानं सुमनची मान हलत, डुगडुगत डावीकडे वळली, नजर मांदेलीवर टेकली. मला वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी बाईंनी हात बदलले. नजर पुन्हा मांदेलीवर.

यानंतर तरी मला कळायला हवं होतं. पण मी याला त्यांचा खेळ समजलो. पुढं दोघींची एक रीत ठरली. हो म्हणायचं असेल तर सुमननं वर बघायचं, नाही म्हणायचं असेल तर डोळे मिटायचे. मी कचेरीला निघण्याच्या घाईत हे रोज बघत होतो आणि चपला घालत होतो.

एका शनिवारी माझी बायको माहेरी, दादरला गेली होती. दुपारी गिरगावातून माझे थोरले भाऊ आले. पुण्याकडच्या एका संस्थेत अशी मुलं कायमची ठेवून घेतात, त्यांनी सगळी चौकशी करून आणली होती. सुमन आमच्या दोघांच्या मध्ये चटईवर पडली होती. महिनाअखेरीला तिला पोचवायचं, बायकोला आयत्या वेळी सांगायचं, असं आम्ही ठरवलं. भाऊ जरा हळू आवाजात बोलत होते. मीच म्हणालो, "मोकळेपणानं बोला, दादा. तिला काय कळतंय? दोन दिवसांत विसरेलसुद्धा." हे वाक्य मी आज जसंच्या तसं लिहितो आहे. यात माझी बाजू म्हणून सांगण्यासारखं काहीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मांडीवर घेऊन मीच ओट्यावर बसलो होतो. चांगुणाबाईंनी मासे धरले. सुमननं कशाकडेच पाहिलं नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आवाज नव्हता. बाईंनी मासे पाटीत ठेवले, हात पुसले आणि विचारायला लागल्या. पोटात दुखतं? डोळे मिटले. आय आठवते? डोळे मिटले. बाबा काय बोलला? सुमननं वर बघितलं. रागावला? नाही. बाबा कुठं जाणार हाय? नाही. प्रत्येक प्रश्नानंतर तेवढंच थांबणं... मग त्यांनी विचारलं, "तू जाणार?" माझ्या मांडीवरचं ते सगळं शरीर लाकडासारखं ताठ झालं आणि तिनं वर बघितलं, इतकं वर की बुबुळं दिसेनाशी झाली.

"भाऊ," चांगुणाबाई म्हणाल्या, "पोरीला कुठं धाडताव?"

आदल्या दिवशी घरात आम्ही दोघे भाऊ आणि सुमन, चौथं कोणी नव्हतं. एक शब्द न येणाऱ्या मुलीनं माझ्याच मांडीवर बसून माझं गुपित उघड केलं होतं. त्या क्षणी मला शरम नंतर वाटली. आधी वाटलं ते आश्चर्य. चार वर्षं आमच्या घरात एक माणूस सगळं ऐकत होतं.

सुमन कुठंही गेली नाही. तिला आडवी निजवून भरवू नका, मांडीवर ताठ बसवा, पाय टेकवा, घास गालाकडून द्या म्हणजे जीभ हलेल, हे चांगुणाबाईंनीच सांगितलं. दोन वर्षांनी इस्पितळात वाचा शिकवणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांनीही तेच सांगितलं. आधी बसणं, चावणं, श्वास, मग शब्द. आणि तिच्या वतीनं उत्तर देऊ नका. मी चांगुणाबाईंना विचारलं, तुम्हाला हे कसं ठाऊक? "माजा धाकला भाव असाच व्हता. त्याला कोनी इचारलाच नाय," त्या म्हणाल्या आणि पाटी उचलून गेल्या.

सुमनचा पहिला शब्द सहाव्या वर्षी आला. "नको." तोही त्यांच्या सुरमईला. त्या इतक्या हसल्या की काकू बाहेर आल्या. "आता हिला कोनी फसवनार नाय," त्या म्हणाल्या. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. ती त्यांची दया.

आज सुमन नऊ वर्षांची आहे. अडखळत, ओढून ओढून का होईना, चार-चार शब्दांचं बोलते. सून येऊन गेली त्या सकाळी मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि चांगुणाबाई गेल्याचं सांगितलं. ती रडली. मग मी कधी बोललो नव्हतो ते बोललो. "सुमे, दादाकाका आले होते तेव्हा मी जे म्हणालो ते फार चुकीचं होतं." तिचा जबडा हलू लागला, मान एका बाजूला गेली, परत आली. मी उठलो नाही, शब्द पुरवला नाही.

"मा...हीत... आहे," ती म्हणाली.

मला माफ केलंस का, हे मी अजून विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर येईपर्यंत तिच्याकडे बघत बसावं लागेल, ते काहीही असलं तरी. चांगुणाबाई तसं रोज बसत. मला अजून जमलेलं नाही.